ढग: नाही

१ जानेवारी, गुरुवार

नवी वही. यंदा संकल्प चारच, कारण गेल्या वर्षी अकरा केले होते आणि अकराही बुडाले. एक, रोज अर्धा तास चालणे. दोन, ऑफिसातला तिसरा चहा बंद. तीन, दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गावी जाऊन बाबांना भेटणे. चार, रोजनिशीत भाषण न करणे. ही म्हणते, मी भाजी आणायला गेलो तरी भाजीवाल्यासमोर आधी प्रस्तावना करतो. अतिशयोक्ती आहे.

गावी जाऊन किती दिवस झाले, असंही हिने विचारलं. सात-आठ महिने असतील, म्हणालो. ती म्हणाली, एकोणीस. तिला असे आकडे लक्षात ठेवायची सवय आहे. मला वेळ नसतो, माझं अख्खं आयुष्य आकड्यांत गेलं.

चालायला सोमवारपासून. आठवड्याच्या मध्यावर नवीन काही सुरू करू नये.

४ जानेवारी, रविवार. सकाळी ११.१०

बाबांचा फोन. दर रविवारी याच वेळी येतो. वय एक्क्याऐंशी, पण आवाज अजून धक्क्यावरून बोटीला हाक मारणाऱ्या माणसाचा. म्हणाले, घे, साडेतीन मीटर. घेतलं, म्हणालो. पेन जवळ नव्हतं, पण आकडा सोपा होता.

पुढे कधी आत्मचरित्र लिहायची वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून थोडी माहिती. बाबा बंदरात पाण्याची खोली मोजण्याच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर माणसं झाडं लावतात, पत्ते खेळतात. बाबांनी आईच्या स्वयंपाकघरातली पांढरी इनॅमलची थाळी उचलली, मधोमध भोक पाडलं, खाली शिशाचं वजन लावलं, वर दोरी बांधली आणि दोरीला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर लाल चिंध्या. ही थाळी रोज धक्क्यावरून खाडीत सोडायची. जिथे ती दिसेनाशी होते तो आकडा वहीत लिहायचा. पाणी जितकं स्वच्छ, तितका आकडा मोठा. तेवीस वर्षं झाली, तेवीस वह्या झाल्या. आईने त्या थाळीपायी आठ दिवस अबोला धरला होता. आई गेली, थाळी चालू आहे.

मी उपग्रहवाला. आठशे किलोमीटरवरून समुद्राचा रंग बघतो. रंगावरून पाणी किती निर्मळ, त्यात शेवाळ किती, तळाच्या गवताला ऊन मिळतं की नाही, सगळं सांगतो. उपग्रह आमच्या खाडीवरून सकाळी दहा चाळीसला जातो, हे मी बाबांना एकदा सांगितलं. तेव्हापासून ते थाळी बरोबर दहा चाळीसलाच सोडतात. मुलगा वरून बघतो, बाप काठावरून. मी गमतीने म्हणालो होतो, बाबा, तुम्ही मला रोज दिसता. वाक्य चांगलं झालं होतं.

९ जानेवारी, शुक्रवार

कॉलेजात व्याख्यान. विषय 'डोळ्यांची गुलामगिरी'. म्हणालो, माणसाने हजारो वर्षं डोळ्यांवर विश्वास ठेवला, म्हणून पृथ्वी हजारो वर्षं सपाट राहिली! टाळ्या. म्हणालो, काठावर उभं राहून समुद्र कळत नसतो, काठावर उभं राहून फक्त पाय भिजतात! पुन्हा टाळ्या. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, सर, तुम्ही शेवटचा समुद्र कधी बघितला? हशा. मी म्हणालो, आज सकाळी, आणि एकच नाही, सगळे. तिचं समाधान झालेलं दिसलं, कारण खाली बसली.

तिसरा चहा तिथे घेतला. ऑफिसाबाहेरचा असल्याने धरलेला नाही.

१९ जानेवारी, सोमवार

साहेबांनी बोलावलं. मोठं काम. बंदराच्या तळाचा गाळ उपसून गेली तीन वर्षं आमच्या गावच्या खाडीच्या तोंडाशी टाकतात. त्याची परवानगी एप्रिलमध्ये संपते. पुढे वाढवायची की नाही, हे एक समिती ठरवणार आणि समितीला पाण्याचा उपग्रहावरून काढलेला अहवाल हवा आहे. साहेब म्हणाले, तुमचंच गाव ना? मग खाडीच्या वतीने तुम्हीच बोला. अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांत मला बोलण्याचं काम देणारा हा पहिला अधिकारी.

खाडीवर माझे एकशे चाळीस चौकोन पडतात. प्रत्येक चौकोन तीनशे मीटर लांब, तीनशे मीटर रुंद. बाबांचं घर, धक्का, ताईची फेरीबोटीची तिकीटखिडकी, एवढं सगळं एका चौकोनात मावून वर पाणी उरतं.

लगेच बाबांना फोन केला. आधी घाबरले, सोमवारी का फोन केलास म्हणाले. मग सगळं सांगितलं. म्हणाले, चला, आता काळजी नाही. गवत मरतंय रे, तळाला ऊनच पोचत नाही. त्या गवतात माशांची पिल्लं वाढतात, ती कुठे जातील? एवढं सांग त्यांना. मी म्हणालो, बाबा, मी नाही सांगणार तर कोण सांगणार?

२५ जानेवारी, रविवार

सव्वातीन. बाबा म्हणाले, वह्या घेऊन जा येऊन, अहवालाला जोड. म्हणालो, शनिवारी येतोच.

३१ जानेवारी, शनिवार

गेलो नाही. मान धरली. डॉक्टर म्हणाले, कॉम्प्युटरचा पडदा खाली आहे, डोळ्यांच्या रेषेत आणा. प्रकृती सांभाळणं हेही खाडीसाठीच. पुढच्या महिन्यात नक्की. फेब्रुवारी लहान असतो, शेवटचा शनिवार लवकर येतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा दिवस सोन्याचा. तीन वर्षांची सगळी चित्रं 'निर्मळ'मधून काढली. 'निर्मळ' ही माझी गाळणी. नऊ वर्षांपूर्वी खोल समुद्रासाठी मी स्वतः लिहिलेला प्रोग्राम. जो चौकोन फार उजळ दिसतो तो ढग, असं समजून ती तो फेकून देते. मागे राहतं ते शुद्ध पाणी. जगात सतरा ठिकाणी वापरतात. अठरावं ठिकाण म्हणजे आमची खाडी.

उत्तर: खाडीचं पाणी दर वर्षी अधिक स्वच्छ होतंय! आलेख जिन्यासारखा चढत गेलाय. माझे डोळे भरून आले. बाबांना फोन लावला, म्हणालो, बाबा, तुमची खाडी बरी होतेय! ते म्हणाले, मग माझी थाळी कुठे जाते?

मी हसलो. ते हसले नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार

पावणेतीन. फोन ठेवता ठेवता कोडं सुटलं. मोतीबिंदू! थाळी नाहीशी होत नाहीये, बाबांची नजर नाहीशी होतेय. दर महिन्याला थोडी थोडी. पुन्हा फोन केला आणि अतिशय जपून म्हणालो, बाबा, एकदा डोळे दाखवून घ्या. म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, कालच ताईला सुईत दोरा ओवून दिला.

म्हातारपणी माणूस मान्यच करत नाही. स्वतःला फसवत राहणाऱ्या माणसांची मला फार कीव येते.

संकल्प पाचवा: बाबांचं डोळ्यांचं ऑपरेशन.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शंकाबाई टेबलापाशी आल्या. आमच्याकडे उपकरणांची तपासणी त्या करतात, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. नाव मी ठेवलंय, ऑफिसभर चालतं, त्यांनाही ठाऊक आहे. म्हणाल्या, तुमच्या एकशे चाळीस चौकोनांतले ऐंशी रोज ढग म्हणून कोरे जातात. तीन वर्षांपूर्वी पंधरा जायचे. एवढे ढग आले कुठून?

प्रश्न उत्तम होता. जेवणाच्या सुट्टीत विचार केला आणि उत्तर सापडलं. खाडीवर ढग वाढले आहेत! हा अगदी नवा शोध आहे, वेगळा लेख होईल. मथळाही सुचला: 'एका खाडीवरील वाढते मेघावरण'. शंकाबाई म्हणाल्या, आणि हे ढग फक्त खाडीच्या तोंडाशी येऊन बसतात? मी म्हणालो, स्थानिक हवामान. त्यांनी चष्मा काढून पुसला. हा त्यांचा निषेध.

२२ फेब्रुवारी, रविवार

अडीच. बाबांना विचारलं, हल्ली तुमच्याकडे ढग फार असतात ना? म्हणाले, ढग? कुठले? अरे, ऊन लागतं म्हणून मी धक्क्यावर छत्री घेऊन जातो. मागून ताई ओरडली, चादरी तासाभरात वाळतायत म्हणावं, बाळ्याकडे जास्तीचे असतील तर दोन ढग इकडे पाठव! बावन्न वर्षांचा झालो, खात्यात मला 'डॉक्टर' म्हणतात, ताईसाठी मी बाळ्याच.

बाबांना समजावलं की काही ढग इतके विरळ असतात की साध्या डोळ्यांना दिसतच नाहीत. ते म्हणाले, असं होय? मग नीट लक्ष ठेवायला हवं. समजूतदार माणूस आहे. नीट सांगितलं की ऐकतात.

२८ फेब्रुवारी, शनिवार

गावी जाणार होतो, पण गरजच उरली नाही. वह्याच आल्या! बाबांनी बसने ऑफिसच्या पत्त्यावर पाठवल्या, म्हणून शनिवार असूनही तिकडे जावं लागलं. पत्र्याचा जुना डबा, दोरीने आडवा-उभा बांधलेला. वर कागद चिकटवलाय: 'ओल लागू देऊ नये. उलटा ठेवू नये. आत खाडी आहे.' बाबांचा विनोद असा असतो, हसावं की नाही कळत नाही. आत बावीस वह्या. चालू वही ठेवून घेतली आहे, असं सगळं दोरीत खोचलेल्या चिठ्ठीत लिहिलंय.

सवडीने सगळ्या वाचणार. तूर्त डबा कॉम्प्युटरच्या पडद्याखाली ठेवला. उंची अगदी मापाची! मान लगेच मोकळी वाटली. आपल्या वह्यांचा इतका तातडीने उपयोग होईल, असं बाबांनाही वाटलं नसेल.

२२ मार्च, रविवार

मधले दिवस अहवालात गेले. चालणं: एकदा. तिसरा चहा: आता चौथा असल्यामुळे तिसऱ्याबद्दल लिहीत नाही.

पावणेदोन मीटर. बाबा म्हणाले, गवत मुळापासून सुटून काठाला लागतंय. तपकिरी, कुजकं, ढीगच्या ढीग. वास घरापर्यंत येतो. मी म्हणालो, ऋतुमानाने होतं तसं. ते म्हणाले, एक ऐकशील माझं? एकदा ये. दोघं मिळून थाळी सोडू. माझ्या डोळ्यांचा तुला भरवसा नाही ना, मग तुझे लाव. शनिवारी येतो म्हणालो. फोन ठेवताना त्यांनी येतोस ना, असं दोनदा विचारलं. या वयात विसरायला होतं.

२८ मार्च, शनिवार

निघालो! हे ठळक अक्षरात लिहायला हवं. सकाळची बस पकडली. निम्म्या वाटेवर बस चहाला थांबली, तिथे साहेबांचा फोन. सोमवारी सकाळी अहवालाचा सारांश हवा. तेवढ्यात समोरून परतीची बस आली आणि तिच्यात खिडकीची जागाही मिळाली. याला मी संकेत म्हणतो. निम्मं अंतर गेलो, म्हणजे या महिन्याचा संकल्प निम्मा पार पडला.

बाबांना कळवायचं तेवढं राहून गेलं. संध्याकाळी ताईचा फोन आला. म्हणाली, थाळी सोडून झाल्यावर बाबा बसथांब्यावर जाऊन उभे राहिले, चार बसगाड्या बघून घरी आले. जेवले नाहीत. मी म्हणालो, उन्हाळ्यात भूक कमीच होते. तिने फोन ठेवला. लाइन तुटली असावी.

१५ एप्रिल, बुधवार

समिती. मला दहा मिनिटं दिली होती, मी चाळीस बोललो, कोणी अडवलं नाही. म्हणालो, इथे अफवा नकोत, आठवणी नकोत, काठावरचे उसासे नकोत! इथे पुरावा बोलेल! आणि पडद्यावर आलेख चढवला. सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

मच्छीमारांचा प्रतिनिधी उठला. हातात टोपी, आवाज खाली. म्हणाला, साहेब, हे सगळं बरोबर असेल, पण तुम्ही स्वतः येऊन पाणी बघितलंय का? मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, मी त्या खाडीच्या काठावर जन्मलोय! टाळ्या. प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, पण वाक्य असं पडलं की प्रश्नच उरला नाही. मग अध्यक्षांनी विचारलं, प्रत्यक्ष पाण्यात मोजलेल्या काही नोंदी? म्हणालो, काठावरच्या थोड्या आहेत, पण त्या दृष्टी अधू झालेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या आहेत, त्यांच्यावर भार टाकणं योग्य नाही. नाव घेतलं नाही. बाबांचा मान राखला.

गाळ टाकायची परवानगी पाच वर्षांनी वाढवली. अध्यक्षांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

१६ एप्रिल, गुरुवार

घरी फोन केला. ताईने उचलला. म्हणाली, तो टोपीवाला काल इकडे आल्या आल्या घरी आला होता, बाबांना सगळं सांगून गेला. सगळं? असं मी विचारलं. ती म्हणाली, हो, सगळं. 'गृहस्थ' म्हणालास म्हणे.

म्हणालो, बाबांना दे जरा. म्हणाली, ते धक्क्यावर गेलेत. मी घड्याळ बघितलं. दहा चाळीस झाले होते.

१९ एप्रिल, रविवार

११.१०. फोन नाही.

११.३०. लाइन खराब असेल.

दुपारी १. आपली लाइन तपासली. हिच्या फोनवरून माझ्या फोनवर करून बघितलं. वाजला.

२६ एप्रिल, रविवार

आजही फोन नाही. हिला म्हणालो, मोतीबिंदू वाढला की माणूस चिडचिडा होतो, आता ऑपरेशन लांबवून चालणार नाही. हिने हातातली इस्त्री उभी ठेवली. म्हणाली, बाबांचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांचं. मी जाऊन राहिले होते आठ दिवस. तू परिषदेला होतास. तुला फोन करून सांगितलं, तर तू म्हणालास, छान, ठेवतो मग, माझं सत्र सुरू होतंय.

डॉक्टर नीट होता का, असं मी विचारलं. तिने इस्त्री सुरू केली. एकच बाही पुन्हा पुन्हा करत होती.

३० एप्रिल, गुरुवार

शंकाबाईंनी त्यांच्या टेबलाशी बोलावलं. 'निर्मळ' बंद करून खाडीचं चित्र जसं येतं तसं पडद्यावर लावलं होतं. गाळ टाकतात तिथून एक भुरकट पांढरा पट्टा निघतो आणि जिभेसारखा आत येत धक्क्यापर्यंत पोचतो. म्हणाल्या, हे तुमचे ढग. मागच्या वर्षीचं चित्र लावलं, त्याच्या मागच्या वर्षीचं लावलं. जीभ तिथेच, फक्त दर वर्षी लांब. म्हणाल्या, खोल समुद्रात ढगाशिवाय उजळ काही नसतं, म्हणून तिथे तुमची गाळणी चालली. खाडीत गाळही उजळ दिसतो. जिथे पाणी बिघडलं, तो चौकोन ढग म्हणून फेकला गेला. चांगले तेवढे उरले. पाणी जितकं नासत गेलं, तितकं तुमचं उत्तर सुधारत गेलं.

मग विचारलं, पाण्यात कोणी काही मोजलेलंच नाही का? मी डब्याकडे मुद्दाम बघितलं नाही. म्हणून त्यांनी बघितलं. माझ्या टेबलाशी जाऊन पडदा उचलून बाजूला ठेवला. डब्याच्या दोरीची गाठ त्यांना सुटेना. मी सोडली. बोट बांधायची गाठ आहे ती, बाबांनी शिकवली होती, मी सात वर्षांचा असताना.

शेवटच्या दोन वह्या आम्ही चित्रांशी ताडून बघितल्या. दिवसामागून दिवस. चार तास लागले. थाळीचा एकही आकडा चुकला नव्हता. शंकाबाईंनी चष्मा पुसला नाही. माझ्यासमोर त्यांचा जेवणाचा डबा उघडून ठेवला आणि म्हणाल्या, खाऊन घ्या थोडं.

संकल्प: अहवाल मागे घेण्याचं पत्र. मसुदा आजच केला. सोमवारी देणार.

४ मे, सोमवार

मसुद्यात 'चूक' हा शब्द पाच वेळा आलाय. जरा उघडं वाटतं. तिथे 'मर्यादा' घातलं. साहेब दौऱ्यावर.

७ मे, गुरुवार

साहेब आले. त्यांचा चेहरा दमलेला दिसला. दमलेल्या माणसाला असलं पत्र देऊ नये. मान पुन्हा धरली आहे, पडदा खाली आलाय.

९ मे, शनिवार

ठरलं. पत्र आधी बाबांना दाखवायचं, मग साहेबांना. उद्या पहाटेच्या पहिल्या बसने. तिकीट काढून आणलं, हिला दाखवलं. तिने दोन्ही बाजूंनी बघितलं. बस दहाला पोचते. दहा चाळीसला मी धक्क्यावर त्यांच्या शेजारी उभा असेन.

काय बोलायचं ते लिहून काढलं. तीन पानं झाली. फाडली. एक पान झालं. तेही भाषण वाटलं. शेवटी एकच ओळ ठेवली: बाबा, थाळी बरोबर होती. पाठ केली. एवढीशी ओळ, पण सारखी विसरायला होतेय.

१० मे, रविवार

बसमध्ये असताना ताईचा फोन आला. सात वीसला. बाबा गेले. पहाटे, झोपेतच.

बस वेळेवर पोचली. दहा वाजून दोन मिनिटं.

१३ मे, बुधवार

तीन दिवस माणसं येऊन गेली. टोपीवाला प्रतिनिधीही आला होता. माझ्याजवळ बसला. समितीचा विषय काढला नाही. म्हणाला, बाबांमुळे आम्हाला वेळ कळायची, थाळी निघाली की दहा चाळीस.

आज घर रिकामं झाल्यावर ताई बोलली. रागावलेली नव्हती, याचाच जास्त त्रास झाला. म्हणाली, रोज थाळी वर ओढून घेतली की ते आकाशाकडे बघून हात करायचे. बोटीतली माणसं हसायची. बाबा म्हणायचे, हसा, आमच्या बाळ्याला मी रोज दिसतो, त्यानेच सांगितलंय. मी विचारलं, समितीनंतर? ती म्हणाली, त्यानंतरही. फोनवर बोलायला मन होईना त्यांचं, पण हात करायचे.

तो चौकोन मी ओळखतो. खालून तिसरी ओळ, डावीकडून चौथा. गेले कित्येक महिने जवळजवळ रोज मी तो ढग म्हणून फेकून दिला.

चालू वही ताईने काढून दिली. तारीख, वेळ, मीटर, असे तीन रकाने. २३ फेब्रुवारीपासून पट्टीने आखलेला चौथा रकाना आहे. वर लिहिलंय: ढग. खाली: नाही. नाही. नाही. नाही. मार्चमध्ये एका ठिकाणी, 'एक, लहान, पूर्वेला. पाऊण तासात गेला.' पुन्हा नाही. मी त्यांना रविवारी सांगितलं होतं, सोमवारपासून त्यांनी लक्ष ठेवलं. शहात्तर ओळी आहेत. ते बसथांब्यावर उभे राहिले त्या दिवसाची आहे. समितीच्या दुसऱ्या दिवसाची आहे: १६ एप्रिल, १०.४०, दीड, नाही. माझ्याबद्दल कुठेही एक अक्षर नाही. वही पाण्याची होती.

१५ मे, शुक्रवार

साहेबांना पत्र पाठवलं. 'मर्यादा' काढून पाचही ठिकाणी 'चूक' परत घातलं. बाबांच्या आकड्यांची नक्कल सोबत जोडली.

दोन तासांत उत्तर आलं. आपल्या दुःखात सर्व सहकारी सहभागी आहेत. मुद्दा महत्त्वाचा आहे. परवानगी दिली गेलेली असल्याने पुढील आढाव्याच्या वेळी, म्हणजे पाच वर्षांनी, हे कागद अवश्य जोडावेत.

गाळाची बोट आज दोनदा येऊन गेली. ताईच्या तिकीटखिडकीतून स्पष्ट दिसते.

१७ मे, रविवार. १०.४०

धक्क्यावर ताई आणि मी. ढग: नाही.

दोरी माझ्या हातात होती, वही तिच्या. थाळी पाण्यात सोडली. पहिली चिंधी बुडाली, थाळी दिसत होती. थोडी आणखी सोडली आणि दिसेनाशी झाली. म्हणालो, लिही, पाऊण मीटर.

ताईने लिहिलं नाही. पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बाळ्या, मला अजून दिसतेय थाळी. डोळे पूस, आणि पुन्हा सोड.